दबा, दृष्टी आणि खेळाचा नियम

योहान हाउझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात युद्धाचाही विचार खेळाच्या अंगाने केला आहे. उभय पक्ष परस्परांना तुल्यबळ मानतात आणि काही नियमांचे बंधन स्वीकारतात, तोवरच युद्धाला खेळाचे रूप राहते, अशी त्यांची भूमिका आहे. म्हणूनच अचानक घातलेली धाड, दबा धरून केलेला घात यांना ते स्पर्धात्मक युद्धप्रकारांतून वगळतात. तर्कदृष्ट्या हे वगळणे निर्दोष वाटते. आपण स्पर्धेत उतरलो आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी स्पर्धा कशी होणार? परंतु ज्या खेळात दबा धरणे हेच मोठे कौशल्य मानले जाते, त्या खेळाची व्यवस्था या मांडणीत कोठे लावायची, असा प्रश्न उरतो. मला तो संगणकाच्या पडद्यापुढे पडला.

टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी मला 'गन्स ऑफ इकारस ऑनलाइन' या खेळात ओढले. न्यूयॉर्कच्या 'म्यूज गेम्स' या संस्थेने तो २०१२ साली प्रसिद्ध केला. वायूने भरलेल्या फुग्याखाली तरंगणाऱ्या युद्धनौका त्यात परस्परांशी लढतात. प्रत्येक नौकेवर चार माणसे असतात आणि चालक, गोलंदाज व इंजिनियर अशा तीन भूमिका त्यांच्यात वाटलेल्या असतात. नौकेला आधी कवच आणि त्याखाली सांगाडा असतो. कवच ठोकून पुन्हा उभे करता येते. सांगाड्याची झालेली हानी मात्र भरून येत नाही. त्यामुळे कवच फोडणारी तोफ आणि सांगाड्यावर मारा करणारी तोफ यांची जोडी जमवणे, आणि शत्रूचा इंजिनियर कवचापर्यंत पोहोचण्याआधी ती चालवणे, यात दबा धरणाऱ्याचे यश असते. दरडीआडून वा ढगातून अकस्मात बाहेर पडणाऱ्या नौकेला जे चार-पाच क्षण मिळतात, त्यांचे मोल असे आहे. दोन-दोन नौकांच्या लढतीच्या एका रणक्षेत्राचे तर नावच 'कॅनियन अ‍ॅम्बुश', म्हणजे घळईतला दबा, असे आहे.

मी बहुधा इंजिनियर होतो. ही भूमिका कथनमीमांसेच्या अभ्यासकाने एकदा तरी करून पाहावी. चालक पुढे पाहतो, गोलंदाजाला तोफेच्या टप्प्यातले दिसते आणि इंजिनियरच्या नजरेसमोर बहुतेक वेळ एखादे फुटके इंजिन असते. नौका ढगात का शिरली, कोणाची वाट पाहते आहे, हे त्याला कानांवर येणाऱ्या शब्दांतूनच कळते. एकाच घटनेचे चार दृष्टिकेंद्रांत विभाजन झालेले असते आणि त्यांपैकी एकालाही पूर्ण घटना उपलब्ध नसते. जेरार झेनेत यांनी १९७२ साली 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' हे दोन प्रश्न वेगळे केले. तो भेद मी कित्येक वर्षे फळ्यावर मांडत आलो आहे. येथे त्याला व्यवहाराची धार येते. ज्याला दिसते त्याने वेळेवर बोलले नाही, तर नौका पडते.

ढगाचा धर्म दुहेरी असतो. तो लपवतो आणि आंधळेही करतो. ही काही खेळ रचणाऱ्यांची कल्पना नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन झेपेलिन ढगांवर दडून असताना तिच्यातून तारेच्या दोराने एक छोटी टोपली खाली सोडली जाई. तीत बसलेला एकटा निरीक्षक ढगाखालची भूमी पाहून दूरध्वनीने वर दिशा कळवी. अशी एक टोपली लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जतन केलेली आहे. दडलेल्या प्रचंड देहाला पाहण्यासाठी आपला एक डोळा उघड्यावर सोडावा लागतो, हे तत्त्व त्या टोपलीने मूर्त केले आहे. पूर्णपणे लपलेल्याला काहीच दिसत नाही. पाहू इच्छिणाऱ्याला थोडे तरी दिसू द्यावे लागते.

येथे एडगर अ‍ॅलन पो यांच्या 'द पर्लॉइन्ड लेटर' (१८४४) या कथेची आणि तिच्यावरील जाक लाकां यांच्या १९५५ मधील व्याख्यानाची आठवण अपरिहार्य आहे. लाकां या कथेत तीन नजरा पाहतात. पहिलीला काहीच दिसत नाही. दुसरी पहिलीचे आंधळेपण पाहते आणि आपले गुपित सुरक्षित आहे अशा भ्रमात राहते. तिसरी या दोन्ही नजरा ओळखते आणि उघड्यावर राहिलेली वस्तू उचलते. राणीपुढून पत्र पळवणारा मंत्री ते स्वतःजवळ येताच राणीच्याच जागी जातो, ही त्या वाचनातील खरी मेख आहे. ढगात दबा धरलेली नौका दुसऱ्या नजरेच्या जागी असते. समोरून चाललेल्या नौकेचे आंधळेपण तिला दिसते आणि तेवढ्याने ती निर्धास्त होते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या शत्रूनौकेवरील कोणी तिला दुर्बिणीतून टिपले, की तिच्यावर खूण उमटते. ती खूण त्याच्या सर्व सहकाऱ्यांना दिसते. शिकारी सावज होतो. त्याच्यात काही बदललेले नसते. बदललेली असते ती नजरांच्या रचनेतील त्याची जागा.

आपल्या भाषेने ही अदलाबदल एका शब्दात साठवली आहे. 'गनीम' म्हणजे शत्रू वा लुटारू. मोगल तवारिखांत हा शब्द मराठ्यांसाठी येतो. तरीही आपल्याच युद्धपद्धतीला आपण अभिमानाने 'गनिमी कावा' म्हणतो. दबा धरणाऱ्याचे नाव त्याला पाहणाऱ्याने ठेवले आणि त्याने ते स्वीकारले. शत्रूच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहता येणे ही दबा धरण्याची पहिली अट असते, याची साक्ष या शब्दापेक्षा चांगली कोठे मिळणार?

आता हाउझिंगांच्या प्रश्नाकडे वळता येईल. आमच्या नौकेची चालक एक विद्यार्थिनी होती. वर्गात अबोल, ढगात मात्र तिचा शब्द अखेरचा असे. आमच्यावर घात झाला, की ती खळखळून हसे आणि नवी नौका मिळेपर्यंत शत्रू कोठून आला असेल याची चर्चा करी. याच मुलीने पुढे संशोधनासाठी एका निवड समितीपुढे मुलाखत दिली. तिच्या विषयाबाहेरचा, तिला पाडण्यासाठीच राखून ठेवलेला एक प्रश्न तेथे आला आणि मुलाखत तेथेच संपली. तिने ते मला सांगितले तेव्हा मी त्या प्रश्नाच्या रास्ततेविषयी काही बोलू लागलो. ती म्हणाली, "सर, प्रश्न अवघड होता याचं काही नाही. तिथे पुन्हा डाव मांडता येत नाही, आणि ढगात आपण कधी बसायचं हेही आपल्या हातात नसतं."

मला या दोन वाक्यांत हाउझिंगांच्या सिद्धान्ताची आवश्यक दुरुस्ती दिसते. घात अनपेक्षित असतो म्हणून खेळाबाहेर जात नाही. घाताची शक्यता दोघांनाही आधीपासून मान्य असेल, दोघांनाही ढगाचा आश्रय खुला असेल आणि पडलेल्याला परतण्याची वाट असेल, तर दबा हाही खेळाचा नियमच ठरतो. या तीनपैकी एकही अट सुटली, की उरते ती केवळ सत्ता.

समीक्षाव्यवहारालाही हीच कसोटी लावावी असे मला वाटते. मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना पॉल रिकर यांनी १९६५ साली संशयाचे आचार्य म्हटले. त्यानंतर संहितेच्या आडोशाला दबा धरून तिचे न बोललेले पकडणे हे आमच्या शिक्षणाचे मुख्य अंग झाले. ते शिक्षण मला त्याज्य वाटत नाही. मी ते आजही देतो. परंतु सदैव दुसऱ्या नजरेच्या जागी बसणारा समीक्षक आपल्यालाही कोणी पाहत आहे हे विसरतो. चांगली संहिता आपल्या सिद्धान्ताच्या कवचाला अशा जागी भेदते, जेथे आपण ठोकाठोक करायला पोहोचलेलो नसतो. तिला तशी संधी देणारे वाचनच खेळ या पदवीला पात्र ठरते. पदव्युत्तर वर्गात हे कसे शिकवावे, हा आज माझ्यापुढचा प्रश्न आहे. एवढे मात्र निश्चित, की जो वर्ग विद्यार्थ्याला फक्त टिपायला शिकवतो आणि टिपले जाण्यातील आनंदाची ओळख करून देत नाही, तो त्याला निवड समितीवर बसण्याचेच शिक्षण देत असतो.