ओल्या लाकडाचं वजन

कोल्हापूर, २२ मे

प्रिय मैत्रिणीस,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले, पण परवा रात्री साडेदहाला जळणाचा पिकअप दारात लागला आणि काल दिवसभर मी, हे आणि धाकटे भाऊजी मिळून लाकूड रचत होतो. उत्तर आज लिहिते आहे. उजव्या तळहाताला दोन फोड आहेत, पण मन अगदी निवांत आहे. मिरगाच्या आधी जळण घरात पडलं की कोल्हापुरातल्या बाईला जे वाटतं ते तुला वेगळं सांगायला नको. तुझी आई वैशाखात वखारीच्या दोन-दोन फेऱ्या मारायची, ते मी पाहिलं आहे.

तू विचारलंस, गॅस आला, गिझर आला, छपरावर सोलर बसलं, मग लाकूड कशाला? अगं, आमचा बंब अजून रोज पेटतो. सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब. मधल्या नळ्यात चार बंबफोडी टाकल्या की सात माणसांच्या अंघोळी होतात. आणि जून लागला की सोलरचं पाणी कोमट, वीज कधी जाईल सांगता येत नाही, अशा दिवसांत तो बंबच घर चालवतो. रविवारी मटण मागच्या दारी चुलीवर होतं. पांढरा रस्सा गॅसवर करून पाहिला, होतो, पण तो मंद धगीवर तासभर नुसता हलत राहावा लागतो आणि ते काम बाभळीच्या निखाऱ्याइतकं कुणाला जमत नाही.

शिवाय २०१९ आम्ही विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पेट्रोलच्या, सिलिंडरच्या, भाजीच्या गाड्या पलीकडंच अडकल्या. आम्ही फुलेवाडीच्या वरच्या अंगाला, म्हणून आमच्याकडं पाणी आलं नाही, पण दुधाळीतली नात्यातली माणसं राहायला आली. घरात चौदा माणसं, आणि सिलिंडर तिसऱ्या दिवशी संपला. पुढचे दिवस भात, आमटी, अंघोळीचं पाणी, सगळं पडवीतल्या लाकडावर निभावलं. तेव्हापासून सासूबाईंनी ठरवून टाकलं की वर्षाचं जळण भरल्याशिवाय पावसाळ्याला सामोरं जायचं नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, कारण यंदाचा सगळा शहाणपणा तिच्यातून आला.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ह्यांना कळलं की गगनबावड्याच्या वाटेवर साळवणच्या पुढं एका शेतकऱ्याच्या बांधावरची निलगिरी तोडली आहे आणि लाकूड वखारीच्या निम्म्या भावात मिळतंय. फक्त आपण न्यायचं. हे आणि भाऊजी पिकअप घेऊन गेले, हौसेनं मीही गेले. पिकअपचं भाडं खेपेवर असतं, वजनावर नसतं. त्यामुळं एकदा गाडी उभी राहिली की आणखी चार ओंडके बसतील, आणखी दोन बसतील, असं होत जातं. मागचा फाळका उघडा ठेवून लांब लाकडं बाहेर काढली, दोर आवळले, टोकाला लाल फडकं बांधलं आणि निघालो. थोडं पुढं आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, स्टिअरिंग हलकं लागतंय." वजन सगळं मागं झालं की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि गाडी वळणावर ऐकत नाही. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. कळ्याच्या अलीकडं एका खड्ड्यात मागचा पाटा तुटला. रात्री नऊपासून साडेबारापर्यंत रस्त्याकडेला. दुसरी गाडी बोलावून निम्मं लाकूड तिच्यात भरलं, दोन भाडी झाली, पाट्याचा खर्च वेगळा. बालिंग्याचा पूल ओलांडला तेव्हा मला रडू येत होतं.

घरी आल्यावर सासूबाई बॅटरी घेऊन बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत. दोन फाटे उचलले, एकमेकांवर आपटले. थप्प असा आवाज आला. म्हणाल्या, "हे लाकूड न्हवं बाई, पाणी हाय. पाण्याला भाडं दिलासा तुमी."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी एक फाटा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दोन किलो शंभर ग्रॅम. त्याच्यावर खडूनं खूण केली आणि तो माळ्यावर ठेवून दिला. यंदा मार्चमध्ये काढून पुन्हा तोलला तर बाराशे ग्रॅम. नऊशे ग्रॅम पाणी! म्हणजे दर दोन फाट्यांमागं जवळजवळ एका फाट्याचे पैसे आम्ही नुसत्या ओलीचे मोजले होते, आणि तेवढंच वजन कळ्यापर्यंत त्या बिचाऱ्या पाट्यावर लादलं होतं. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. निम्म्या भावात घेतलं होतं ना, मग झाली की बरोबरी. वर भाडं आणि पाटा अंगावर.

आणि हिशेब तिथंही थांबत नाही. ते ओलं लाकूड पेटवलं की विस्तव आधी त्यातलं पाणी उडवत बसतो. एक किलो उकळतं पाणी वाफ होऊन जायला ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, ती तुझ्या बंबातल्या पाण्याच्या वाट्यातून जाते. जाळ नीट धरत नाही, म्हणून धूर न जळताच बाहेर पडतो. टोकाला फेस येतो, फुसफुस होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या दारी सकाळी सहाला जो धूर व्हायचा, त्यानं शेजारच्या बाळाला खोकला लागला. त्याच्या आईनं तक्रार केली नाही, पण मला तिच्याकडं बघवत नव्हतं. स्वयंपाकाच्या धुरानं घरात कोंडलेल्या हवेपायी २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. म्हणून आम्ही चूल घरात ठेवलेलीच नाही. बंब आणि चूल दोन्ही मागच्या दारी, उघड्यावर. तरीसुद्धा ओलं लाकूड जाळणं हे शेजाऱ्याच्या घरात धूर सोडणंच आहे, असं मी आता ठामपणे म्हणते.

तू लिहिलंस की तिकडं परदेशात पंचवीस टक्क्यांच्या वर ओल असलेलं लाकूड घरातल्या शेगडीत जाळायला कायद्यानंच बंदी आहे, आणि तुझ्याकडं दोन टोचण्यांचं ओल मोजायचं यंत्र आहे. २०२२ मध्ये गॅस महागला तेव्हा तुमच्याकडं लोक सरपणावर कसे तुटून पडले, तेही लिहिलंस. वाचून मला आपलं गुऱ्हाळ आठवलं. लहानपणी तुझ्या मामाच्या गुऱ्हाळावर आपण काकवी खायला जायचो, तेव्हा अंगणभर चिपाडं पसरलेली असायची, आठवतं? आपण त्यावरून धावलो की ओरडा बसायचा. चरकातून निघालेलं ओलं चिपाड चुलवाणात कधीच घालत नाहीत. आधी उन्हात वाळवतात, मग घालतात, तेव्हा कुठं काहिलीतला रस नीट उकळतो. अवकाळी पाऊस आला की ऊस असतो, गुळव्या असतो, पण चिपाड भिजलं म्हणून गुऱ्हाळ बंद राहतं. इतकी साधी गोष्ट आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला कळते आणि जळण घेताना आम्हीच ती विसरलो.

यंदा मी स्वतः ठरवलं की लाकूड बघितल्याशिवाय पैसे नाहीत. जाऊन बघितलं तेव्हा मार्च होता. सुबाभूळ आणि थोडी बाभूळ, दिवाळीनंतर तोडून बांधावरच फोडून पसरलेली. टोकांना बारीक चिरा पडलेल्या, साल हातानं सुटत होती. मी दोन फाटे आपटले, ठण्ण वाजले. भाव गेल्या वर्षीपेक्षा चढा होता आणि मी घासाघीस केली नाही.

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ यांतलं काही गाडीत घालायचं नाही, हेही बजावलं होतं. ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या कायद्यानं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि "स्वस्तात देतो, रात्री न्या" असं कुणी म्हणालं की बहुधा तोच मामला असतो. त्यातलं एक जुनं जांभळाचं झाड माझ्या बंबासाठी पडावं, हे मला सहन होणार नाही. गगनबावड्याकडच्या डोंगरात अजून जे उरलंय ते उरू दे. बांधावर मुद्दाम लावलेली सुबाभूळ तोडली की खोडापासून पुन्हा फुटते, दोन-तीन वर्षांत पुन्हा जळण देते. आपल्यासारख्यांनी तेच जाळावं.

वडा-पिंपळाचं लाकूड कुणी चुलीत घालत नाही, ते तुला माहीतच आहे. पण बिब्ब्याचं तू ऐकलं नसशील. त्याचा चीक अंगाला लागला की उततो आणि धूर लागला तरी तोंड सुजतं. जंगलातलं सरसकट गोळा केलेलं जळण घेताना सासूबाई एकेक फाटा वळवून बघतात, त्याचं कारण हे.

भरताना यंदा भाऊजींनी जाड लाकडं केबिनलगत खाली घातली, फाटे त्यावर, आणि एकही टोक फाळक्याबाहेर येऊ दिलं नाही. मालाची गाडी वजनापेक्षा जास्त भरली किंवा लाकडं बाहेर काढली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजारांचा दंड आहे, पण त्यांना दंडापेक्षा पाट्याची आठवण जास्त होती. वाटेत काट्यावर गाडी चढवली. उसाच्या काट्यावर आपल्या बापजाद्यांनी जे भोगलं त्यामुळं कोल्हापूरचा माणूस आकडा स्वतः वाचल्याशिवाय उतरत नाही. चौदाशे ऐंशी किलो. एकच खेप, एकच भाडं.

रचणं हा तर वेगळाच विषय आहे. खाली विटा, त्यावर दोन आडवे ओंडके, मग फाटे, साल वरच्या अंगाला. भिंतीपासून वीतभर लांब. पश्चिमेकडून झड येते म्हणून त्या बाजूला पत्रा, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. गेल्या वर्षी मी सगळी रास प्लास्टिकच्या कागदानं गच्च झाकली होती आणि आत बुरशी आली. वारा लागला पाहिजे, तो पावसाळ्यातलाही चालतो. आणि सकाळी लाकूड काढताना आधी काठीनं ठोकायचं, मग हात घालायचा. विंचू फाट्याच्या सालीतच बसतो.

पेटवणीला पूर्वी शेणी असायच्या. आता आमच्या गल्लीतल्या शेणी होळीला पंचगंगा स्मशानभूमीला दान जातात. महापालिका तिथं दहनाचे पैसे घेत नाही, आणि ते असंच चालू राहायचं तर शेणी आणि लाकूड गावानंच पुरवायला हवं. होळी लहान केली म्हणून कुणाचं काही अडलं नाही. पेटवायला आम्ही नारळाच्या शेंड्या वापरतो.

सासूबाईंचं वय आता एक्याऐंशी. परवा रात्री गाडी लागली तेव्हा त्या पुन्हा बॅटरी घेऊन बाहेर आल्या. दोन फाटे उचलले, आपटले, कान देऊन ऐकलं, आणखी दोन उचलले. मग भाऊजींना म्हणाल्या, "चहा घे, मग उतर." इतकंच. गेल्या वर्षी त्या रात्री कुणाला चहा मिळाला नव्हता.

तुझ्या त्या दोन टोचण्यांच्या यंत्राबद्दल मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आण म्हणावं तिला. मी वाजवून सांगते, ती टोचून सांगू दे." तेव्हा दिवाळीला येताना ते बॅगेत टाक, विसरू नकोस. लाकूड तोवर ठेवते, आणि बाभळीचे सहा चांगले फाटे तुझ्या रस्स्यासाठी वेगळे काढलेत.

तुझी,
शाळेतली बाकावरची