पंधरा किलोची बाजू

घरी होडी बांधली असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तरंगली का?" दुसरा, "खर्च किती आला?" आणि ऑफिसातला एखादा हमखास विचारतो, "पण का?" होडीचं वजन किती, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या अख्ख्या प्रोजेक्टमधली एकमेव कडक रिक्वायरमेंट तीच होती. होडी तीस किलोच्या आत बसली पाहिजे. बाकी सगळं निगोशिएबल!

हा आकडा कुठून आला, ते सांगायला २०२० मध्ये जावं लागेल. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मार्चच्या मध्यावर कॉलेज बंद झालं, मी बॅग भरून रत्नागिरीला घरी आलो आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. कॅम्पसमधून नोकरी मिळाली होती, पण जॉइनिंगची तारीख विचारली की कंपनीकडून एकच उत्तर यायचं, "कळवू." परीक्षा होणार की नाही, तेही "कळवू". थोडक्यात, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे एकही डेडलाइन नव्हती.

बाबांची गोष्ट वेगळी होती. वीज मंडळात लाइनमन म्हणून त्यांची उभी हयात खांबांवर गेली. आदल्या वर्षी निवृत्त झाले आणि जानेवारीत अँजिओप्लास्टी झाली. त्यात हे कोविड. हृदयाचे पेशंट, साठीला टेकलेले, म्हणजे टीव्हीवर रोज ज्यांच्याविषयी सांगत होते तेच. सकाळपासून आकडे बघत बसायचे. पावसात वायर तुटली की रात्री दोनला घरातून बाहेर पडणारा हा माणूस आता फाटकापर्यंतही जाईना. आई समोर जेवणाचं ताट ठेवायची आणि ते विचारायचे, "गोळी घेतली का गं मी?"

होडीचं खूळ माझंच. घरामागून जांभ्या दगडाच्या सतरा पायऱ्या उतरल्या की एक पायवाट खाडीवर जाते. घर ते पाणी, सगळं मिळून दोनशे पावलं. लहानपणी बाबा मला तिथं न्यायचे आणि शेजारच्या आजोबांच्या होडीतून पलीकडे घेऊन जायचे. ती होडी कधीच कुजून गेली. मी एका संध्याकाळी सहज म्हटलं, "बाबा, आपण एक बांधू या का?" ते टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "बांधशील. पण पाण्यापर्यंत नेणार कोण?"

प्रश्न रास्त होता. पायऱ्यांवर ट्रॉली चालत नाही. गल्लीतल्या चार पोरांना बोलवावं तर कोणी कोणाच्या अंगणात पाऊल टाकत नव्हतं. आईची कंबर आधीच कुरकुरत होती. राहिलो आम्ही दोघं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ता काही उचलू देऊ नका. दिवाळीपर्यंत सगळं ठीक असेल तर पंधरा किलोपर्यंत हरकत नाही, पण दम न लागता." पंधरा त्यांचे, पंधरा माझे. झाले तीस. आमचं स्पेसिफिकेशन डॉक्टरांनी फोनवर दिलं, ते असं.

हलकी लाकडी होडी घरी बांधायची युक्ती काही नवी नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथं क्लार्क मिल्सनं मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची डिंगी आखली, ती प्लायच्या दोन शीटमधून निघावी अशी. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॅक हॉल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांनी 'मिरर' डिंगी आणली. 'डेली मिरर' वर्तमानपत्राच्या नावाची, लाल शिडाची. तिची खुबी अशी की सांगाडा आधी उभारायचाच नाही. प्लायचे तुकडे नकाशाप्रमाणे कापायचे, कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे. टाके आवळले की सपाट प्लाय आपोआप वाकतो आणि होडीचा आकार घेतो. मग आतून सांध्यांवर राळ आणि काचकापडाची पट्टी बसवायची. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या बांधल्या गेल्या, कित्येक तर लोकांच्या गॅरेजमध्ये. म्हणजे सुताराचा हात नसलेल्या माणसालाही हे जमतं.

एप्रिलभर मी पुठ्ठ्याची मॉडेलं केली आणि एक्सेल शीट भरली. आठ बाय चारचा सहा मिलीमीटरचा प्लाय साधारण बारा किलो भरतो, चार मिलीमीटरचा आठ. अडीच शीट धरल्या तर नुसत्या जाडीच्या निवडीत दहा किलो इकडचे तिकडे! म्हणून चार मिलीमीटर. कातरण वजा जाता प्लाय सोळा किलो, काठाच्या पट्ट्या आणि बैठक सहा, इपॉक्सी आणि काचकापड साडेसहा, रंग दीड. बेरीज बरोबर तीस. होडी साडेसात फुटी, कारण आठ फुटी शीटला जोड द्यायचा नव्हता. पाण्यात किती बसेल? आर्किमिडीजचा हिशोब. होडी आणि आम्ही दोघं मिळून एकशे सत्तर किलो, म्हणजे एकशे सत्तर लिटर पाणी बाजूला सारायचं. तळाचा आकार बघता साधारण दहा सेंटिमीटर.

दुकानं उघडल्यावर प्लाय आला. त्यावर आयएस ७१० असा मरीन प्लायचा शिक्का होता, पण शिक्क्यावर विसंबून बाबांना पाण्यात बसवायचं नव्हतं. एक तुकडा पातेल्यात घालून दिवसभर उकळला. थर सुटले नाहीत. आईनं पातेल्याचा वास घेतला आणि म्हणाली, "हे आता तुझ्या होडीलाच दे." ते पातेलं आजतागायत स्वयंपाकघरात परत गेलेलं नाही.

टाके घालायची वेळ आली तेव्हा खरी गंमत झाली. मी पक्कड घेऊन तार पिळत होतो. बाबा पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. दोन मिनिटं पाहिलं. मग म्हणाले, "हे काय, शेपूट पिळतोयस? आण इकडे." त्यांनी माळ्यावरून जुन्या सर्व्हिस वायरचं भेंडोळं काढलं, सोलून तांबं मोकळं केलं आणि खुर्ची ओढून बसले. वर खेचत पीळ द्यायचा, तार तुटायच्या एक घर आधी थांबायचं. हे त्यांना बघावंही लागत नव्हतं, बोटांनाच कळत होतं. सव्वाशे टाक्यांपैकी शंभर तरी त्यांचे असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही बंद होता. मी चहा घेऊन गेलो तर पडवीतून आवाज आला, "डावी बाजू तीन मिलीमीटर वर आहे रे. झोपतोस काय!"

इपॉक्सीचं काम भर पावसाळ्यात आलं. ज्यांना कधी करायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. राळ आणि हार्डनर मोजून घ्यावेत, आमचं प्रमाण वजनाला दोनास एक होतं, ते आईच्या किचन स्केलवर. मिश्रण घट्ट होताना स्वतःच तापतं, भांड्यात खोल भरून ठेवलं तर चटका बसेल इतकं. म्हणून पसरट ताटलीत थोडं थोडं करायचं. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत वरती मेणचट साय धरते, ती पाण्यानं घासून काढल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. हातमोजे लागतातच, आणि घासताना मास्क. मास्कची तेव्हा काही कमतरता नव्हती म्हणा :)

सांधे पक्के झाले की तारा कापून काढतात. बाबांना ते फारसं आवडलं नाही. "एवढे घातले ते काढायलाच?" मी सांगितलं, होडी आता राळेवर उभी आहे, टाके फक्त आकार येईपर्यंत होते. ते काही बोलले नाहीत. पण मे २०२५ मध्ये टीव्हीवर बातमी लागली, कारवारला नौदलात 'कौंडिण्य' नावाचं शिवलेलं जहाज दाखल झालं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घडवलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. बाबांचा लगेच फोन. "बघ, त्यांनी टाके काढले नाहीत!" पाच वर्षं मनात ठेवलं होतं त्यांनी.

काठाला जुन्या पडवीतल्या फणसाच्या पट्ट्या लावल्या, दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे केले, म्हणजे पाणी भरलं तरी होडी बुडू नये. ऑक्टोबरात परीक्षा ऑनलाइन उरकली. त्याच महिन्यात होडीचं वजन केलं, एकेक टोक काट्यावर ठेवून. बेरीज एकतीस किलो दोनशे ग्रॅम. मी बैठक सुटी केली, ती दोन किलोची. उरले एकोणतीस दोनशे. बैठक आणि वल्ही आई आणणार असं ठरलं. वल्ह्यांना दांडे बांबूचे होते, तिच्या कंबरेचाही विचार केलेला होता.

दिवस बाबांनी निवडला. २२ नोव्हेंबर २०२०, दिवाळीनंतरची अष्टमी. त्यांनी मला शिकवलेला हिशोब असा: तिथीला पाऊणनं गुणायचं, येतो तो पूर्ण भरतीचा तास. आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. त्यातून अष्टमीला भांग, उधाणाचा जोर नाही. साडेतीनला निघालं तर पाणी चढतं असतं आणि वल्हं हातातून सुटलंच तरी खाडी आत ढकलते, समुद्राकडे ओढत नाही. एवढा नेमका अल्गोरिदम मला चार वर्षांत कुणी शिकवला नव्हता.

उचलायच्या आधी मी शेवटचं म्हटलं, "बाबा, राहू दे. मी पायऱ्यांवरून सरकवत नेतो. तुम्ही खाली या." ते म्हणाले, "मी उचलणार नसेन तर मी बसणारही नाही." दहा महिन्यांत त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. त्यांनी नाळेकडची बाजू धरली. दर चार पायऱ्यांना थांबलो. दम माझा लागत होता, कारण माझं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे होतं. खाली पोचल्यावर त्यांनी होडी वाळूत टेकवली आणि हात झटकत म्हणाले, "पंधरा म्हणे! बाराच असतील."

तरंगली, हे सांगायला हवं. दहा सेंटिमीटरचा अंदाज होता, अकरा बसली. खाडीत पंधरा मिनिटं आम्ही काही बोललो नाही. बाबा वल्हवत होते, हळू, एका लयीत.

डिसेंबरात जॉइनिंग लेटर आलं. आज मी दिवसभर जे काही लिहितो त्याला वजन नसतं. तिथं एखादी रिक्वायरमेंट आली की आम्ही विचारतो, ही कुणाला हवीय? बहुतेक वेळा उत्तर 'क्लायंटला' असतं आणि क्लायंटचा चेहरा दिसत नाही. होडीच्या प्रत्येक ग्रॅममागचा चेहरा मला ठाऊक होता. काठाची पट्टी रंधून दोन मिलीमीटर कमी केली ती त्याच्यासाठी. हलकं करणं हे कामाचं कौशल्य आहेच, पण दुसऱ्या माणसाला त्याची बाजू उचलता यावी म्हणूनही हलकं करता येतं, हे मला त्या पडवीत समजलं.

आता बाबा पासष्टीत आहेत. गेल्या सुट्टीत मी होडीला जरा जाड तळपट्टी लावायचं म्हणत होतो, घासून प्लाय झिजतो म्हणून. त्यांनी विचारलं, "किती वाढेल?" म्हटलं, "आठशे ग्रॅम." थोडा विचार करून म्हणाले, "तुझ्या बाजूला लाव."