रंगाखालचा पत्रा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की आमच्या घरात एका भिंतीची आठवण निघते. दिवाणखान्यातली उजवीकडची भिंत. दर पावसाळ्यात तिच्यावर ओल येते आणि दर दिवाळीला रंगारी येऊन त्या ओलीवर दोन हात मारून जातो. गेली अकरा वर्षं हा कुळाचार चालू आहे. रंगाऱ्याला भिंत पाठ झाली आहे, आम्हांला रंगारी पाठ झाला आहे, आणि ओलीला तर आमचं सारं कुटुंबच पाठ झालं आहे. यंदाही सौ.नं रंगाऱ्याला निरोप धाडायला सांगितलं. पण माझा हात काही फोनकडे वळेना. त्याचं कारण भिंत नव्हे. कारण आहे एक पांढरी पिकअप गाडी.

आमच्या घराण्यात वाहन म्हणजे सायकल, आणि फार चैन झाली तर स्कूटर. मी तेहतीस वर्षं हिशेबखात्यात काढली आणि दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शाईनं शेरे मारले. चिरंजिवांनी पदवी घेतली, एका कारखान्याच्या कचेरीत दोन वर्षं खुर्ची उबवली, आणि २०२२ साली एके दिवशी जेवता जेवता सांगितलं, "बाबा, मी पिकअप घेतोय. माल वाहायचा धंदा करीन म्हणतो." मी भाताचा घास तसाच हातात धरून बसलो. सौ.नं मात्र शांतपणे विचारलं, "रंग कुठला?"

गाडी जुनी होती. पण काय दिसत होती! वरचा भाग गुळगुळीत पांढरा. दाराच्या निम्म्यापासून खाली, चाकांवरच्या कमानींसकट, तसाच पांढरा पण दाणेदार, जाड थर. हात फिरवला तर लिंबाच्या सालीवरून फिरवल्यासारखा वाटावा. विकणारे गृहस्थ म्हणाले, "खडी उडू द्या, काही उडू द्या, ओरखडा म्हणून उठायचा नाही." मी तो थर दोनदा कुरवाळला आणि चिरंजिवांच्या कानात म्हणालो, "माणूस गाडीला जपणारा दिसतो." गाडीखरेदीतला माझा वाटा एवढाच, पण सौदा बहुधा त्याच वाक्यावर झाला.

आता त्या थराची निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. चीज मोठी गुणाची आहे. अमेरिकेत घरोघर पिकअप गाड्या असतात. माल चढवता-उतरवताना हौद्याचा पत्रा सोलवटतो, म्हणून तिकडे आधी हौद्यात प्लॅस्टिकचं एक मोठं घमेलं बसवीत. पण त्या घमेल्याखाली पाणी साचे आणि पत्रा गुपचूप कुजे. मग पत्र्याला चिकटूनच बसेल असा थर फवारायची युक्ती निघाली. तिच्यामागचं रसायन पॉलियुरेथेनचं. जर्मनीत लेव्हरकूझेन इथं ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली ते शोधून काढलं. आपल्या गाद्यांमधला फोम त्याच गोत्रातला. पाऊण लिटर मालात पाव लिटर हार्डनर घालायचा, बाटली खळखळून हलवायची, तीच बाटली गनला लावायची आणि तासाभराच्या आत मारून मोकळं व्हायचं. हवेचा दाब कमीजास्त केला, की दाणा मोठाबारीक होतो. पूर्वी हा थर बहुतेक काळाच असे. पुढे गाडीच्या रंगाचाच रंग त्यात घालता येऊ लागला, तेव्हा तो हौद्यातून बाहेर आला आणि दारांच्या खालच्या अंगावर, चाकांच्या कमानींवर जाऊन बसला. जिथं खडी लागते, चिखल लागतो, तिथंच. चिलखत आणि तेही अंगरख्याच्या रंगाचं!

यंदाच्या श्रावणात त्या चिलखताला एक फोड आला.

चालकाच्या दाराखाली, पायरीच्या पत्र्यावर, वाटाण्याएवढा. चिरंजिवांनी मला दाखवला तेव्हा मी म्हणालो, "उन्हानं आला असेल." श्रावणात ऊन कुठलं! आठ दिवसांत वाटाण्याचा आवळा झाला. शेवटी आम्ही गाडी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे नेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाचं दुखणं घेऊन गेलं आणि कुणी औषध सांगितलं नाही, असं होत नाही.

मिस्त्रींनी आधी गाडीची पाटी पाहिली. "एमएच शून्य-आठ. रत्नागिरीची हाय न्हवं?" मग हौद्यातली एक फळी उचकटली आणि खालच्या खाचेतून नखानं काहीतरी खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. माशाचं वाळलेलं खवलं! गाडी मासळी वाहत होती. बर्फ वितळायचा, खारं पाणी फळ्यांमधून ठिबकायचं आणि आंबा घाटाच्या प्रत्येक वळणावर पत्र्याच्या सांध्यांत शिरायचं. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा पुरते. मीठ असलं की काम झपाट्यानं होतं. आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचा थर आतून उचलतो. तोच आमचा फोड.

चिरंजिवांनी घरच्या फ्रिजवरची लोहचुंबकाची स्ट्रॉबेरी खिशातून आणली होती. महाबळेश्वरला घेतलेली ती स्ट्रॉबेरी दाराच्या वरच्या भागाला टक्कन चिकटली, खालच्या दाणेदार भागाला लावली तर घसरून पडली. मिस्त्री हसले. "खाली पत्रा कुठं हाय काका? लांबी भरलीय नुसती. वरनं कोटिंग. कोटिंग बाहेरचं पाणी आत येऊ देत न्हाई, तसं आतलं बी बाहेर जाऊ देत न्हाई. गंज साफ न करता मारलं, की डब्यात मुरांबा घातल्यागत."

आता खरी अडचण सांगतो. चिरंजिवांना ही गाडी दसऱ्यापर्यंत विकायची होती. मोठी गाडी बोलून ठेवली होती आणि बँकेच्या कर्जासाठी आपल्या पदरचे जे पैसे घालावे लागतात, ते याच विक्रीतून यायचे होते. मिस्त्रींनी दोन आकडे सांगितले. फोड खरवडून, लांबी भरून, वरून पुन्हा थर मारायचा तर सहा हजार. कुजलेला पत्रा कापून, नवा जोडून, आतून-बाहेरून प्रायमर देऊन मग थर मारायचा तर अडतीस हजार.

आणि लाल शाईनं तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे आकडे पकडणारा मी चटकन म्हणालो, "सहाचंच करा. आपल्याला जशी मिळाली तशी पुढं देऊ. आपण कुठं काही नवीन पाप करतोय?"

हे वाक्य बोलताना मला जराही लाज वाटली नाही, हे इथं नमूद करतो. उलट फार व्यवहारी बोललो असं वाटलं.

चिरंजीव माझ्याशी वाद घालत नाहीत. ती त्यांची खोड लहानपणापासूनची. त्यांनी मिस्त्रींच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर उचलून माझ्या हातात दिला. "बाबा, जरा दाबून बघा." मी फोडावर टोक ठेवून दाबलं. ओल्या बिस्किटात जावं तसं ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर भोकातून पलीकडचा उजेड दिसला. चिरंजीव म्हणाले, "इथून वीतभर आत ड्रायव्हरची सीट बसते. घेणारा मुलगा दुधाचे कॅन वाहणार आहे. गगनबावड्याच्या बाजूला." एवढंच बोलले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

मी अडतीस हजारांतले पंधरा माझ्या मुदतठेवीतून दिले. ती मोडताना बँकेतल्या मुलीनं विचारलं, "काही अडचण आहे का काका?" मी म्हटलं, "पत्रा बदलायचाय." तिला वाटलं, घराचा.

पत्रा कापला, जोडला, घासला. मग उपटला रंगाचा प्रश्न. मला वाटे, पांढरा म्हणजे पांढरा. त्यात काय जुळवायचं? मिस्त्रींनी समजावलं, की पांढऱ्यातसुद्धा थेंबभर काळा, थेंबभर पिवळा असतो. गाडीवरच्या रंगाच्या नंबरानं माल बनवला तरी उन्हापावसात बसून गाडीचा रंग वेगळाच झालेला असतो. त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारला. दुकानात जुळला, बाहेर गाडीला लावला तर मळकट दिसू लागला. दुसरा मारला, तोही तसाच.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या सौ.ना घेऊन गेलो. ज्या बाईनं चाळीस वर्षं ब्लाउजपीस घेताना मॅचिंग सेंटरच्या दुकानदाराला फुटपाथवर उन्हात उभं केलं आहे, तिच्यापुढं रंगतज्ज्ञ काय सांगणार! तिनं नमुना उन्हात धरला, सावलीत धरला, डोळे बारीक केले आणि मिस्त्रींना म्हणाली, "रंग बरोबर आहे हो. पोत वेगळा आहे. खणाचा आणि रेशमाचा रंग एकच असला तरी एकसारखा दिसतो का कधी? या दाण्यादाण्याची सावली पडते, म्हणून गडद वाटतो. तुम्ही एक कणभर उजळ बनवा." मिस्त्रींनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला आणि आतल्या पोराला वहिनींसाठी चहा सांगितला.

थर मारायच्या दिवशी मात्र एक गोष्ट मला खटकली. गन मारणारा पोरगा नाकाला रुमाल बांधून उभा राहिला. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून छातीत गेलं तर दम्याचं कायमचं दुखणं मागं लागू शकतं, आणि रुमालानं ते अडत नाही. बाहेरून नळीवाटे ताजी हवा देणारा मुखवटा लागतो. तसा मुखवटा मिस्त्रींकडे होता. खुंटीला टांगलेला, वर धूळ. पोरगा म्हणाला, "गरम हुतंय त्यात." चिरंजीव म्हणाले, "मग गाडी नको रंगवू." दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग मुखवटा पुसून खाली आला. पुढच्या गाडीच्या वेळी तो पुन्हा खुंटीवर गेला असेल की काय, कोण जाणे.

नवरात्रात गिऱ्हाईक आलं. विशीतला मुलगा आणि टोपी घातलेले त्याचे वडील. गाडी उन्हात उभी होती. सौ.च्या कृपेनं रंग चांगलाच जुळला होता. तरी तिरप्या उन्हात नव्या पत्र्यापाशी एक रेघ ओझरती दिसायची. म्हाताऱ्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे का निराळं दिसतंया?"

चिरंजीव आत गेले आणि कापलेला जुना पत्रा घेऊन आले. मिस्त्रींकडून त्यांनी तो मागून आणला होता, हे मला तेव्हाच कळलं. एका बाजूनं पांढरा, दाणेदार, सुरेख. दुसऱ्या बाजूनं तपकिरी पापुद्रे, आणि मधे माझ्या हातचं भोक. त्यांनी सगळं सांगितलं. मासळी, मीठ, लांबी, सारं काही. माझं सहा हजारांचं वाक्य तेवढं गाळलं.

म्हाताऱ्यानं तुकडा उलटासुलटा केला. भोकातून एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उकिडवं बसून नव्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठक् ठक् करीत मागच्या चाकापर्यंत गेला आणि परत आला. "पंधरा हजार कमी करा," म्हणाला. घासाघीस होऊन दहा कमी झाले. अडतीस घालून वर दहा गेले! मी मनातल्या मनात लाल शेरा मारला. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून ते दोघं घेऊन गेले. जाताना म्हाताऱ्यानं तो गंजका तुकडाही मागून घेतला. "ऱ्हाऊ दे. पोरगं पुढची गाडी घेईल तवा लागंल."

तेव्हापासून मला बोटाच्या पेरानं ठक् ठक् करायची खोड जडली आहे. परवा सहज दिवाणखान्यातल्या उजव्या भिंतीवर वाजवलं, तर पोकळ आवाज आला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, रंगाऱ्याला सांगितलंत का?" मी म्हटलं, "नळवाल्याला सांगितलंय."

काल त्यानं गिलावा फोडला. आत न्हाणीघराचा नळ होता, सांध्याशी कुजलेला. गेली अकरा वर्षं तो थेंब थेंब गळत होता. आता नळ नवा आहे, पण भिंत वाळायला महिना लागेल म्हणतात, त्याआधी गिलावा नाही आणि रंग तर नाहीच. दिवाळीत येणाऱ्या मंडळींना म्हणून आधीच सांगून ठेवतो : फराळाला जरूर या, पण उजवीकडच्या भिंतीला टेकून बसू नका. नव्या कपड्यांना विटकर लागेल.