राजकन्या, आरसा आणि रोनचं पठार

त्वरितादेवीच्या आमच्या तलवाड्यात दुपारी लाईट गेली की करमणुकीला मोबाईलच उरतो. सध्या त्यावर ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ चालू आहे. मूळ खेळ १९८७चा, जपानी फॅमिकॉम कन्सोलवरचा. आखणी युजी होरींची, चित्रं अकिरा तोरियामांची. पहिल्या भागात नायक एकटाच लढायचा. इथे एकाच घराण्यातले तिघं आहेत.

त्यातला दुसरा राजपुत्र म्हणजे अवलियाच. त्याला शोधत आपण गावोगाव पाय झिजवायचे, आणि हे महाशय एका सराईत निवांत बसलेले! राजकन्येची तऱ्हा वेगळी. शापाने ती कुत्री झालेली, ‘रा’चा आरसा समोर धरला की पुन्हा माणसात येते. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्याला हा उःशाप अजिबात परका वाटत नाही.

फॅमिकॉमवर हा खेळ सेव्ह करायची सोयच नव्हती. राजा एक मंत्र सांगायचा, जास्तीत जास्त ५२ अक्षरांचा. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मुसळ केरात. मोबाईलवर ही कटकट नाही, हे बरंच झालं.

जहाज मिळाल्यावर सगळा नकाशा मोकळा होतो, तो भाग झकास. शेवटाकडचं रोनचं बर्फाळ पठार मात्र निव्वळ अन्याय. तिथले शत्रू एका मंत्रात अख्खी टोळी आडवी करतात. त्यात आपलं कसब काही कामाचं नाही. अवघड असणं मला चालतं, असा जुगार नाही.

तरीही पहिल्यापेक्षा हा भाग उजवाच. खेळणार असाल तर रोन चढण्याआधी तिघांची ताकद भरपूर वाढवून घ्या.