जळण

आमच्या पाटण तालुक्यात जळणाची ददात आहे, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. खाली कोयनेचं धरण, त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट विजेचा प्रकल्प. वर वनकुसवड्याच्या पठारावर नजर जाईल तिकडं पवनचक्क्या. अन् त्या पठाराच्या पायथ्याला आमच्या अंगणात आमची मंडळी अजून शेणी थापते.

आमच्याकडं पाऊस चार महिने हटत नाही. मिरगाच्या आत जळण घरात पडलं पाहिजे, नाहीतर ओल्या लाकडाच्या धुरानं घर भरतं. म्हणून चैत-वैशाखात बायका डोंगरावरून मोळ्या आणतात. पहाटे निघायचं, उन्हं चढायच्या आत परत. फारिष्ट गार्ड दिसला की मोळी झुडपात टाकायची आणि पुन्हा आणायला जायचं. आमच्या मंडळीनं चाळीस वर्षं हे केलं. आता तिला दम लागतो. डॉक्टर म्हणाले, चुलीपुढं बसू नका. ती म्हणाली, "मग भाकरी काय डॉक्टर थापणार व्हय?"

पूर्वी निम्मं जळण घरातच निघायचं. माझ्या लहानपणी दावणीला चार बैल, दोन म्हशी. हुडवी रचलेली असायची. ट्रॅक्टर आला, बैल गेले. राहिलेल्या एका म्हशीचं शेण रानात टाकावं की चुलीत घालावं, यावर घरात वाद होतो.

१९८१-८२ साली सरकारनं गोबरगॅसची राष्ट्रीय योजना काढली. पुढं काही वर्षांनी आमच्या चुलत्यांनी अनुदानावर दोन घनमीटरचा गोबरगॅस बांधला. रोज पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवायचं. चुलतीचा निळा जाळ बघायला आळीतल्या बायका यायच्या. भांडी काळी होत नाहीत याचंच सगळ्यांना नवल! वर मळी रानाला मिळायची ती वेगळीच. माझ्या मते सरकारच्या सगळ्या योजनांत ही शेतकऱ्याच्या जिवाला जवळची. पण चार-पाच जनावरं असतील तोवरच ती चालते. जनावरं विकली, लोखंडी टाकी गंजली. आता त्या खड्ड्यात आळू लावलाय.

मग २०१६ साली उज्ज्वला आली. सुनेच्या नावावर गॅस मिळाला. शेगडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण भरलेला सिलिंडर आणायचा तर पैसे आधी मोजायचे. सवलतीचे तीनशे रुपये मागनं खात्यावर येतात. मध्ये सिलिंडर अकराशेच्या वर गेला होता, तेव्हा तो घ्यायला बाईची चार दिवसांची मजुरी लागायची. गाडी फाट्यापर्यंतच येते. तिथनं वर खांद्यावर. म्हणून गॅसवर चहा, पाहुणा आला तर पोहे. भाकरी, कालवण, आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. २०२४ ला राज्यानं वर्षाला तीन सिलिंडर मोफत केले. सात माणसांच्या घरात सगळं गॅसवर करायचं म्हटलं तर तीन सिलिंडर तीन महिनेसुद्धा पुरायचे नाहीत.

पाहणीला एक पोरगा आला होता. कागदावर विचारलेलं, गॅस आहे का? सून म्हणाली, "हाय की." त्यानं खूण केली आणि निघाला. मंडळी आतून ओरडली, "आरं, रोज पेटतोय का ते बी लिही की!" पोरगा म्हणाला, "आजी, तसा रकाना नाही."

सरकारची मोजणी अशीच. राज्यानं २०२० च्या धोरणात अपारंपरिक ऊर्जेचं १७,३६० मेगावॅटचं लक्ष्य धरलं. धरावं, माझी ना नाही. कोळशापेक्षा वारा-ऊन केव्हाही बरं. पण पठारावरच्या जमिनी एजंटानं मातीमोल भावानं घेतल्या तेव्हा गावाला काय मिळालं, तर दोन-चार पोरांना राखणदारी. चक्कीची वीज तारेनं लांब जाते. जाईना का, वीज म्हणजे काही भाकर नव्हे की गावात वाटावी. पण त्या उत्पन्नातला थोडा वाटा पायथ्याच्या गावांच्या चुलींसाठी बाजूला काढायचा, दर घरी दोन-तीन सिलिंडर जास्त द्यायचे किंवा गंजलेले गोबरगॅस चार घरांच्या जनावरांवर मिळून पुन्हा चालू करायचे, एवढं धोरणात बसायला काय हरकत होती?

गेल्या ग्रामसभेत मी हे बोललो. ग्रामसेवकांनी लिहून घेतलंय. सुनेनं दिवाळीला आणलेला सिलिंडर शिमग्याला हलवून बघितला, अजून जड लागतोय. मंडळीनं परवापासून मोळ्या आणायला सुरुवात केली.