ठाण्याच्या खाडीपासून ब्राझीलच्या विद्यापीठापर्यंत

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च उभे आहे. तेथून काही अंतरावर, खाडीच्या बाजूस, जुना किल्ला आहे. आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. दोन्ही वास्तूंचा संबंध पोर्तुगीज अमदानीशी पोहोचतो. १५३४ च्या अखेरीस गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व भोवतालचा प्रदेश पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. मधल्या दोनशे वर्षांचा या भागाचा जमाखर्च मुख्यतः पोर्तुगीज भाषेत लिहिला गेला.

रेल्वेने कल्याणला उतरले की काळ आणखी मागे जातो. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या लेखांमध्ये कल्याणच्या रहिवाशांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, तसेच कारागीरही आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. पुढे याच खाडीत स्वराज्याची जहाजे बांधली जाऊ लागली, तेव्हा वसईचे पोर्तुगीज अधिकारी त्यावर बारीक नजर ठेवून होते. म्हणजे जे प्रदेश पोर्तुगिजांचे नव्हते, त्यांच्याही हालचाली पोर्तुगीज कागदांत उमटल्या.

हे कागद वाचायला शिकण्याचे एक ठिकाण ब्राझील आहे, हे ऐकून प्रथम नवल वाटते. पण दोन्ही किनारे एकाच राज्याच्या वहीत होते. १५०० मध्ये भारताकडे निघालेल्या काब्रालच्या ताफ्याला वाटेत ब्राझीलचा किनारा लागला आणि तोच ताफा पुढे मलबारला आला. नंतरच्या काळात भारतातून परतणारी जहाजे अनेकदा ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात थांबत. कोकणात घरोघरी झालेला काजू आणि अननस ही मूळची दक्षिण अमेरिकेची फळे. त्यांची नावेही तेथील आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगिजांमार्फत मराठीत आली. पगार, लिलाव, चावी हे दुकानातले रोजचे शब्द तर थेट पोर्तुगीज आहेत. १८०७ मध्ये नेपोलियनच्या स्वारीमुळे पोर्तुगालचा दरबार लिस्बन सोडून ब्राझीलला निघाला. मागोमाग राजग्रंथालयही गेले आणि रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पाया त्यातूनच घातला गेला.

ब्राझीलमधील सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. साओ पावलो विद्यापीठ १९३४ मध्ये स्थापन झाले. व्यापाराच्या इतिहासाला नवी दिशा देणारे फ्रेंच इतिहासकार फर्नांद ब्रोदेल यांनी तेथे आरंभीच्या वर्षांत अध्यापन केले. इतिहासातील डॉक्टरेटचा काळ साधारणतः चार वर्षांचा असतो. संशोधनाचा आराखडा, भाषेची परीक्षा आणि मुलाखत या पायऱ्यांवर निवड होते. मध्यंतरी परीक्षकांसमोर कामाची तपासणी होते आणि अखेरीस प्रबंधाचे जाहीर समर्थन करावे लागते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या दोन सरकारी संस्था शिष्यवृत्त्या देतात. मात्र त्या निवडीनेच मिळतात आणि त्यांवर बेताचाच संसार चालतो. पोर्तुगीज भाषा व जुने हस्ताक्षर यांच्या तयारीचा काळ त्याआधीचा आणि वेगळा.

डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या व्यापारी घरातील मुलाने वा मुलीने ही वाट निवडायची म्हटल्यावर वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: यातून मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि नोकरीची हमी कोणीही देत नाही. परंतु या कागदांत काय आहे, हेही पाहिले पाहिजे. १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यू याने वसईच्या प्रदेशातील गावांच्या उत्पन्नाची व जकातींची नोंदवही सिद्ध केली. त्याच वर्षी आंतोनियो नुनिश याने पूर्वेकडील बंदरांतील वजने, मापे आणि नाणी यांचा ग्रंथ लिहिला. दोन्ही ग्रंथ १८६८ मध्ये लिस्बनला एकाच खंडात छापले गेले. हिशेबाच्या वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्याला अशा मजकुरात जे दिसेल, ते इतरांच्या नजरेतून सहज निसटेल.

या वहीला जमेची बाजू आहे, तशी नावेचीही आहे. पश्चिम भारतातील कापड गुजराती व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेत नेले. तेथे त्याच्या मोबदल्यात हस्तिदंत मिळे, आणि माणसेही विकली जात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोझांबिकमधून अशी असंख्य माणसे ब्राझीलला गेली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. तेथील इतिहासकार हा विषय टाळत नाहीत, आणि तेथे शिकणाऱ्या भारतीयालाही तो टाळता येणार नाही. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला तर आपण विकलेला माल पुढे कोठे गेला, हा प्रश्न विचारणे अधिकच आवश्यक आहे. हा शोध पूर्वजांना दोषी ठरवण्यासाठी नाही. खाते पुरते वाचल्याशिवाय शिल्लक खरी कळत नाही, म्हणून तो करायचा.

अशा संशोधनाला दूरच्या दप्तरखान्यांइतकीच घरची कागदपत्रेही लागतात. कल्याणच्या जुन्या बाजारपेठेत आणि ठाण्याच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिल्या गेल्या. दुकान हलते, घराची पुनर्बांधणी होते, तेव्हा त्या रद्दीत जातात. मग त्या व्यापाराविषयी उरते ते केवळ जकात घेणाऱ्याने लिहिलेले. जकात देणाऱ्याचे म्हणणे कोठेच उरत नाही. सर्वच घरांतील मुले साओ पावलोला जाणार नाहीत, जाण्याचे कारणही नाही. पण जुन्या वह्या कोरड्या जागी ठेवणे, त्या कोणाच्या व कोणत्या वर्षांच्या हे वर लिहून ठेवणे आणि त्यांची लिपी वाचणारे आजोबा आहेत तोवर नातवंडाला ती शिकवणे, एवढे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे. पुढे त्यांतील एखाद्या नातवंडाने इतिहासाचा हट्ट धरलाच, तर निदान घरच्या वह्या तरी त्याच्या हाताशी असतील.