मिसाबंदीतला मित्र

नाशिकरोडच्या तुरुंगात 1975 च्या डिसेंबरात आमची ओळख झाली. मी राष्ट्र सेवा दलातून आलेला समाजवादी, तो लहानपणापासून संघाच्या शाखेत जाणारा. बाहेर असतो तर एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिलो नसतो. आणीबाणीत मिसा कायद्याखाली एकाच बराकीत येऊन पडलो, त्यामुळे इलाज नव्हता. संध्याकाळी त्यांची शाखा भरायची, आमचा अभ्यासवर्ग चालायचा आणि रात्री गोळवलकर गुरुजींपासून लोहियांपर्यंत सगळ्यांवरून खडाजंगी व्हायची.

एका सकाळी माझे वडील गेल्याची तार आली. गाव लांब, पॅरोल मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे उघड होतं. तो माझ्या वळकटीशेजारी येऊन बसला. दहाव्या-तेराव्याचं काही करायचं का, असं त्याने एकदाच विचारलं. माझा या विधींवर विश्वास नाही, मी म्हणालो. ‘बरं,’ एवढंच बोलून त्याने माझ्या थाळीतली भाकरी वरणात कुस्करली आणि थाळी पुढे सरकवली. आदल्याच रात्री रूढींवरून आमची कडाक्याची जुंपली होती. त्या दिवशी मात्र त्याने मला माझ्या पद्धतीने दुःख करू दिलं. हे मी विसरणं शक्य नाही.

1977 मध्ये सुटलो आणि काही काळ दोघेही जनता पक्षाचे झालो. मग दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. मी मधू लिमयांच्या बाजूचा: जनता पक्षात राहायचं तर संघाशी नातं तोडा. ‘अरे, हे म्हणजे मला घर सोड म्हणण्यासारखं आहे,’ तो म्हणाला. 1979 मध्ये सरकार पडलं. त्याचं खापर त्याने आमच्यावर फोडलं, मी त्यांच्यावर. तो वाद आजही मिटलेला नाही.

सर्वांत अवघड गेला 1992 चा डिसेंबर. बाबरी मशीद पाडली गेली त्यानंतर मी त्याच्या घरी जाऊन, हे तुमच्या लोकांचं काम आहे, असं तोंडावर सांगितलं. तोही मागे हटला नाही. आवाज चढले. वहिनींनी ठेवलेला चहा तसाच टाकून मी उठलो. जानेवारीत मुंबई पुन्हा पेटली, तेव्हा आमच्या भागातल्या शांतता समितीच्या बैठकीला तो स्वतःहून आला. मंदिराबद्दलचं त्याचं मत तसूभरही बदललं नव्हतं. पण गल्लीत कुणाच्या घरावर दगड पडता कामा नये, असं त्याने उभं राहून सांगितलं आणि रात्रीच्या गस्तीलाही आमच्याबरोबर आला.

2018 मध्ये राज्य सरकारने आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू केलं, तेव्हा तो माझ्यासाठीही अर्ज घेऊन आला. मी घेतला नाही. आम्ही मोबदल्यासाठी आत गेलो नव्हतो. ‘तुझी पेन्शन आहे, म्हणून तुला हे सुचतं. म्हातारपणी औषधाला पैसे नसलेले किती जण आहेत, बघ,’ तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. 2020 मध्ये नव्या सरकारने हे मानधन बंद केलं. ते सरकार मला जवळचं वाटत होतं, तरी हा निर्णय सुडाचा आहे असं मी उघड म्हणालो. 2022 मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

इतक्या वर्षांत त्याने मला कधी देशद्रोही म्हटलं नाही आणि मी त्याला कधी दंगलखोर म्हटलं नाही. त्याचे विचार मला घातक वाटतात, हे मी त्याला अनेकदा ऐकवलं आहे. पण तो ते मनापासून मानतो, याबद्दल मला कधी शंका आली नाही. आमच्या बरोबरीचे कितीतरी जण मोबाइलवरच्या ग्रुपमधून भांडून बाहेर पडले, कायमचे. एका बराकीत झोपलेली माणसं आता एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमचंही असं कुणाशी बोलणं थांबलं असेल, तर त्याला मेसेज पाठवू नका. त्याच्या घरी जा. वाद घालायचाच असेल, तर तिथे बसून घाला.